मॅट उचलून बघा

मित्रांनो, खरं सांगू? हे मी सांगणारच नव्हते. भंगारवाल्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचं ऐकतंय कोण! पण काल एक माणूस माझ्या शेजारची गंजकी गाडी बघायला आला. टायरला दोन लाथा घातल्या, आरशात स्वतःचे केस सारखे केले, आणि "मस्त आहे, घेऊन टाकू" म्हणाला. तेव्हा म्हटलं, आता बोलावंच.

मी एक जुनी पिकअप आहे. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. कारखान्यात मला पत्र्यातून घडवलं, रंगाच्या टाकीत बुचकळून काढलं. बाहेर पडले तेव्हा माझ्या दारात माणसाला तोंड बघता यायचं. एका काचवाल्यानं मला घेतलं. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांची मोठी तावदानं, असा त्याचा धंदा. हौद्यात त्यानं लाकडाची एक तिरकी चौकट बसवली. तिला ते लोक घोडी म्हणतात. कापडात गुंडाळलेल्या काचा तिला टेकून उभ्या राहायच्या. ती माझी एकुलती एक मैत्रीण. पळायचे मी, आणि नाव मात्र घोडी तिचं.

काचवाल्याला आवाजाचा भारी राग. गाडीची खडखड म्हणजे काचेची फुटफुट, असं तो म्हणायचा. जिथं वाजेल तिथं रबराची पट्टी ठोकायचा. हळूहळू मी वाजणंच सोडून दिलं. लोक म्हणायचे, "काय गाडी आहे, मांजरीसारखी येऊन उभी राहते!" मी फुगायचे. आपलं काही दुखत असलं तरी चूप राहायचं, यालाच चांगली गाडी म्हणतात असं मला वाटायला लागलं.

आणि तो मला रोज धुवायचा. दुकान बंद केलं की पाण्याची नळी थेट केबिनमध्ये. धुळीचा एक कण काचेवर ओरखडा काढतो ना. केबिनच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं होती, पण त्यातून धूळ वर येते म्हणून त्यानं ती बुजवली. वर जाड रबरी मॅट टाकली. झालं. वरून मी आरसा, आणि मॅटखाली बारा महिने ओल. त्याची माया खोटी नव्हती, मित्रांनो. फक्त पाणी जातं कुठं, ते त्या मायेनं कधी बघितलं नाही.

गंज दुखतो असं लोकांना वाटतं. नाही दुखत. आधी जरा खाजल्यासारखं होतं, मग ती जागा बधिर होते, आणि एक दिवस ती जागा आपली उरतच नाही. तळ गेला. मग तळाखालची चासी, म्हणजे माझा कणा, शेजारच्या सीटखाली आतून पोकळ झाली. मला काही कळलं नाही. मी गुपचूप पळत होते.

मग काचवाला गेला. टेबलावर काच आखत होता, आखता आखता खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची बायको रडली नाही. कुणी म्हणालं, "दोन घास खा," ती म्हणाली, "बरं." ताट तसंच राहिलं. दीर म्हणाला, "वहिनी, गाडी विकून टाकू." "बरं." "पुढं दुकानाचंही बघू." "बरं." सकाळी दार उघडायची, माझ्याकडे बघायची, दार लावायची. आम्ही दोघी सारख्याच. हात लावला तरी लागायचा नाही.

दीर वाईट नव्हता, घाईचा होता. त्यानं माझ्या पोटाला काजळ फासावं तसा जाड काळा रंग फासला. तळाच्या भोकावर प्लायवूडचा तुकडा ठेवला, त्यावर नवी कोरी मॅट. गिऱ्हाईक यायच्या दिवशी मला धुऊन ओली ठेवली, कारण ओला पत्रा डाग दाखवत नाही. इंजिनही आधीच तापवून ठेवलं, कारण गार इंजिन सुरू होताना खोड दाखवतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक गादीवाला आणि त्याची आई. आईनं आल्या आल्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"गार इंजिन चालू करून दाखवा, असं आम्ही सांगितलं होतं ना? हे तर तव्यासारखं तापलंय."

"उन्हात उभी होती, मावशी," दीर म्हणाला.

"सावलीत उभी आहे की हो! ऊन काय तुमच्या ओळखीतलं, एकट्या बॉनेटवर पडायला?"

"आई, जरा गप्प बस ना," गादीवाला म्हणाला.

"गप्प बसूनच तुझ्या बापानं शिलाईमशीन आणलं होतं. अजून त्याच्यावर आपण टॉवेल वाळत घालतो."

गादीवाला हसला. वाकून खाली डोकावला. सगळं काळं कुळकुळीत. "बघ, खालूनही रंग दिलाय. नीट ठेवलीय गाडी." त्यानं माझ्या पुढच्या पत्र्यावर बोटं वाजवली, टणटण आवाज आला. सगळे तिथंच वाजवतात, जिथं चकाकतं.

दीर म्हणाला, "दुपारी दुसरे लोक येणार आहेत, बघा बुवा." या एका वाक्यानं जगात किती गाड्या विकल्या गेल्या असतील! गादीवाल्याची मान हलली. दीरानं हाक मारली, "वहिनी, सही करायला या."

"बरं." ती आली. पेन हातात घेतलं.

मावशी तिला म्हणाली, "बाई, तुम्ही बसायचात का यात?"

"हो. शेजारच्या सीटवर."

"बसायला बरी आहे ना? गाद्या भरून घाटानं जायचं म्हणजे रोजचं बूड टेकायचंय मला तिथं." आणि गुडघ्यावर हात ठेवून तिनं पाय उचलला, चढायला.

त्या सीटखाली माझा कणा पोकळ होता. मी भरलेली असताना, घाटाच्या उतारावर, तो मोडणार होता. मला ओरडायचं होतं. पण ओरडायची सवयच नव्हती, मित्रांनो.

"थांबा."

कोण बोललं ते आधी कुणालाच कळलं नाही. काचवाल्याची बायको पेन ठेवून आत गेली. आली तेव्हा एका हातात आरशाचा मोठा तुकडा, दुसऱ्या हातात काचेच्या कडेला लांबी, म्हणजे पुट्टी, लावायची पत्र्याची पट्टी. तिनं आरसा माझ्याखाली सरकवला, तिरका धरला आणि गादीवाल्याला पट्टी दिली.

"खाली झोपू नका, यात बघा. आणि तिथं खरवडा."

त्यानं खरवडलं. काळा रंग निघाला, त्यामागून तांबडे पापुद्रे, आणि मग पट्टी सरळ आत गेली. मला काहीच वाटलं नाही. आरशात मी माझं पोट पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.

"आता मॅट उचला," ती म्हणाली.

मॅट निघाली, प्लायवूड निघालं. भोकातून खालची जमीन दिसली. एक मुंगी चालली होती.

"वहिनी, काय करून बसलात हे!" दीर ओरडला. "आता कोण घेणार हिला?"

"भाऊजी, तुम्ही रंग लावत होतात तेव्हा मी खिडकीतच उभी होते. तेव्हाही बरं म्हटलं. आता नाही म्हणतेय."

दीर पाय आपटत निघून गेला. गादीवाला हात झटकत उभा राहिला. मावशी मात्र त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती.

"जेवलात का, बाई?"

तिनं जरा विचार केला. "नाही. भूक लागलीय मला." असं म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

मग दुकानाच्या पायरीवर डबा उघडला गेला. मावशी वाढत होती, बडबडत होती. बाई खात होती, आणि खाता खाता डोळ्यांतून पाणी चाललं होतं. कुणी पुसायला सांगितलं नाही.

मला इथं भंगारवाल्याकडे आणलं. जुनी गाडी घ्यायची असेल, मित्रांनो, तर ती कोरडी असताना, दिवसाउजेडी बघा. इंजिन गार असताना या, आणि पहिल्यांदा चालू करताना निघणारा धूर बघा. इंजिनातली तेल मोजायची काडी ओढा, तेल दुधाळ असेल, म्हणजे त्यात पाणी शिरलं असेल, तर चहा पिऊन घरी जा. चासीवरचा नंबर कागदाशी ताडून बघा. नवा काळा रंग दिसला की खरवडा, कोण रागावतंय याची पर्वा करू नका. टायरला लाथा मारून काही कळत नाही, आणि त्याला वाईट वाटतं ते वेगळंच. आणि गाडी तुमचीच असेल, तर नुसती धुऊ नका. वाळवा. चकाकीची काळजी सगळे घेतात, ओलीची कुणी घेत नाही.

घोडीला बाईनं ठेवून घेतलं. दुकान चालू राहणार आहे, हातगाडीवरून का होईना. माझ्या हौद्यातून तिचे बोल्ट काढत होते तेव्हा ती करकरली. लाकूडच ते, बिचारीला लपवता येत नाही. मी नेहमीसारखी चूप होते. मग मात्र तिला म्हटलं, "हे बघ, मला आता वितळवतील. पुढं मी फाटक होईन, कढई होईन, नाहीतर पुन्हा गाडी. काहीही झाले तरी वचन देते तुला. दुखलं की वाजेन. पहिल्याच दिवशी, अगदी चारचौघांत वाजेन."