इलैतियाच्या सुलूवरचा डाग

इलैतियाला दुपारी पुरायचं होतं, आणि सकाळीच त्याच्या घरात भांडण लागलं, तेही इस्त्रीवरून.

पलटणीची माणसं झेंडा घेऊन होडीनं येणार होती आणि त्याच्या गणवेशातला, कमरेला लुंगीसारखा गुंडाळायचा पांढरा सुलू पेटीत चुरगळून पडला होता. बायको लितिआना थोरल्या लेकीला म्हणाली, "तू कर." उनाइसी म्हणाली, "आई, तू कर." तेव्हा उघड झालं की त्या घरातल्या एकाही बाईनं आयुष्यात इस्त्रीला हात लावलेला नाही.

लेबनॉनमधल्या शांतिसेनेतून परतताना बाकीच्या शिपायांनी रेडिओ आणले. इलैतियानं कोळशाची लोखंडी इस्त्री आणली. रोज पहाटे करवंट्या पेटवून मुलींच्या शाळेच्या झग्यांना कडक इस्त्री करायचा आणि मग अळवाच्या शेतात जायचा. वाटेवर घोटाभर चिखल असला तरी त्याच्या मुली परेडला निघाल्यासारख्या शाळेत निघायच्या. गावातले बाप्ये हसायचे.

"आरं, तिकडं बंदूक धरलीस का इस्तरी?"

"बंदूक त्यांनी परत घेतली. इस्तरी माजी हाय," एवढंच तो म्हणायचा.

मी करालाइनी, त्याच्या मामाची मुलगी. आमच्या बेटांवर आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायचीच असते, मयताच्या घरीसुद्धा. पण तो गेल्यापासून मला एक चावट शब्द सुचला नव्हता. लितिआनाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"त्याला असं चुरगळलेलं न्हाई धाडायची मी," ती म्हणाली. "लेकींचा येक दिस चुकवला न्हाई त्यानं. त्याचा ह्यो येकच दिस, त्योच चुकायचा व्हय?"

"सर बाजूला," मी म्हटलं. येत मलाही नव्हतं.

एक बाजू बरी झाली. दुसरीवर इस्त्री टेकवली आणि समोर खिळ्याला टांगलेला त्याचा शेतात घालायचा शर्ट दिसला. मातीनं माखलेला, बाहीला मात्र इस्त्रीची कड. मला भडभडून आलं. मी शर्टाकडं बघत राहिले आणि जळका वास सुटला.

सुलूवर पुढच्या बाजूला इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता.

लितिआनानं डाग नीट न्याहाळला. "करालाइने, त्याच्या मांडीवर डाग द्यायला जल्मभर टपली हुतीस. दिलास येकदाचा."

"मग? लगीन तू केलंस. डाग तरी माजा नको?"

ती हसली. पोट धरून हसली आणि हसता हसता हंबरडा फोडला. मग आम्ही दोघी रडलो.

दुपारी मेजरची नजर डागावर थांबली. "कुणी केली इस्तरी?"

"मामाच्या पोरीनं," लितिआना म्हणाली.

मेजर आमच्याच भागातला. "मग ठीक हाय," म्हणाला आणि त्यानं कडक सलाम ठोकला.

सोमवारी पहाटे त्या घरातून करवंट्यांचा धूर निघाला. धाकटी शाळेला निघाली ती एका बाहीला दोन कडा घेऊन.

"लितिआने," मी कुंपणावरून ओरडले, "त्यो वरनं बघतोय बरं! पुन्यांदा कर म्हंतोय!"

"त्याला सांग," ती आतून म्हणाली, "इस्तरी आता माजी हाय."