आवाज नसलेला कॉम्प्युटर

वहिनीला गाता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चाली मात्र तिला अशा सुचायच्या की विचारू नका! शाळेची बस चालवताना, सिग्नलला, मागे पोरं बस डोक्यावर घेत असतानासुद्धा. घरी आली की पर्स टाकायची आणि धाकट्या नणंदेला पकडायची. "चिंगे, ऐक!" मग आपल्या बेसूर गळ्यानं ती चाल कशीबशी गुणगुणायची. चिंगी डोळे मिटून ऐकायची आणि तीच चाल अशी काही गायची की वहिनीच विचारायची, "अगं बाई, हे मी केलं?"

नणंद-भावजयीचं असं गूळपीठ फार घरांत बघायला मिळत नाही. नवरा तर म्हणायचा, "मी या घरात कोण, भाडेकरू?"

आणि आता चिंगी चालली होती. नर्स होती ती. प्रवासी जहाजावर नोकरी लागली होती, रविवारी निघायचं होतं. सगळं घर खूश होतं, वहिनीसुद्धा. पण चिंगी गेली की या चाली गाणार कोण? मोबाइलवर तिची गाणी रेकॉर्ड करून पाहिली, तर चिंगी बादलीत तोंड घालून गातेय असं वाटलं. नवऱ्यानं चांगला माइक आणून दिला, पण घरातला कॉम्प्युटर इतका म्हातारा, की माइक जोडल्याबरोबर त्यानं मानच टाकली. नवा घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून शुक्रवारी वहिनीनं बस लावली, चिंगी ड्यूटीवरून सुटली, आणि दोघी थेट जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात धडकल्या.

वहिनीनं आदल्या दिवशी फोन करून बजावलं होतं, "दादा, दिसायला कसाही चालेल, पण आवाजाच्या बाबतीत तडजोड नको." दुकानदारानं ते फारच मनावर घेतलं होतं.

"या, या! तुमच्यासाठीच काढून ठेवलाय." टेबलावर काळं धूड होतं, आत निळेतांबडे दिवे, दोन्ही बाजूंना खोक्याएवढे स्पीकर. त्यानं बटण दाबलं. आतले पंखे असे घोंगावले की काउंटरवरची बिलं उडाली. "आवाज बघा ताई! शेजारी भांडायला आले नाहीत तर पैसे परत!"

"अहो, आवाज हिचा आहे," वहिनी ओरडूनच म्हणाली. "मशीनचा नकोय!"

दुकानदार गोंधळला. "म्हणजे... आवाज हवा की नको?"

चिंगीला हसू आवरेना. शेवटी तिनंच समजावलं, की घरात एकच खोली, माइक कॉम्प्युटरच्या शेजारीच येणार, आणि गाण्याबरोबर पंख्याची घरघर रेकॉर्ड झाली तर सगळं मुसळ केरात. मग तिनं पर्समधून स्टेथोस्कोप काढला आणि सरळ एका कॉम्प्युटरच्या पाठीला लावला.

"ताई, पेशंट नाहीये तो!"

"दमा आहे याला," चिंगी म्हणाली. दुसऱ्याची डिस्क आत खरखरत होती. "याला खोकला." तिसरा चांगला होता, पण त्याची मेमरी इतकी कमी, की आवाजावर आवाज चढवायला गेलं की अडकणार. दुकानदारालाही आता चेव आला. तो स्वतःच मशीनं उचलून आणायला लागला, "हा बघा, हा तपासा!"

शेवटी त्यानं फडताळाखालून एक चपटा, करडा डबा ओढला. कुठल्याशा ऑफिसातला, कोपरा चेपलेला. "दिसायला सावत्र आहे. पण आत फिरणारी डिस्क नाही, चिपवाली आहे. मेमरी मीच वाढवलीय."

चिंगीनं स्टेथोस्कोप लावला. मग इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"काय झालं गं?" वहिनीनं विचारलं.

"चालू आहे का हा?"

वहिनीनं घरून आणलेला माइक जोडला. दुकानातला पंखा बंद करायला लावला, सगळ्यांना श्वास रोखायला लावला, नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि हेडफोन कानाला लावला. मग एकदम किंचाळली, "काहीच ऐकू येत नाही!"

"थांबा, थांबा, बघतो!" दुकानदार पेचकस घेऊन धावला.

"हात लावाल तर खबरदार! हाच द्या!"

घरी येईपर्यंत वहिनीचे पाय जमिनीवर नव्हते. नवऱ्याला बाहेर पिटाळलं, गाद्या भिंतीला उभ्या केल्या, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्या चाली झाल्या. काय गायली चिंगी! बादली गेली, घरघर गेली, नुसता तिचा गळा. वहिनीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

शेवटच्या चालीला मात्र घोटाळा झाला. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलेलं आहे हे विसरून वहिनी सवयीनं सांगायला लागली, "अगं, तिथं अशी वर जा, आऽऽ..." ऐकून पाहिलं तर काय, वहिनीचा बेसूर आलाप, चिंगीचं "कुठे वर? तू तर खाली गेलीस!" आणि दोघींचं हसणं.

"ई! पूस ते आधी," वहिनी लाजून म्हणाली.

चिंगीनं तिचा हात धरला. "पुसायचं नाही. ते मला हवंय."

"मेलं ते कशाला? इतकी चांगली गाणी झालीत, ती ने की!"

"ती तुला. मी काय, कुठेही गाईन. पण तिकडे मला चाल कोण सांगणार, वहिनी?"

वहिनीचे डोळे भरून आले. चिंगीनं उठून माइक फिरवला, वहिनीच्या तोंडासमोर आणला.

"पहिल्यापासून सगळ्या सांग. आणि रडू नकोस हं, आणखी बेसूर होशील," ती म्हणाली. मग तिनं नाक पुसलं आणि लाल बटण दाबलं.