टोकाचं भोक

"छप्पन्न झाले! वर अर्धा तासही भरला. मार शिक्का," मुकादम ओरडला. ट्रक दारात उभा, आणि मुकादमाच्या पोटात कावळे कोकलत होते.

भट्टीवाली जागची हलली नाही. तिच्या खिशातला शिक्का म्हणजे जहाजावर चढणाऱ्या लाकडात जिवंत कीड नाही याची हमी. त्यासाठी गाभा छप्पन्न अंशांवर अर्धा तास राहायला हवा. गाभा! भट्टीतली हवा काय, कुणीही तापवेल.

"हातभर जाडीच्या तुळया दोन तासांत शिजल्या? बटाटे आहेत का हे? सुई कुणी खोचली?"

"मी," अप्पा म्हणाले.

अप्पा तिचे वडील. तिच्याआधी तीस वर्षं ही भट्टी त्यांचीच. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या शिक्क्याचा माल अळ्यांसकट परत आला आणि शिक्का गेला. तेव्हापासून ते किडका माल दिला म्हणून लाकूडवाल्याच्या नावानं बोटं मोडत. आज हाताखालचा माणूस आला नाही म्हणून तिनंच त्यांना हौसेनं बोलावलं होतं.

तिनं दार उघडलं. तापमानाची सुई तुळईच्या टोकापासून जेमतेम वीतभर आत. लाकडात ऊब रेषांच्या दिशेनं धावते, आडवी जायची तर रखडते. टोक आधी तापणारच! बोलावं तर बापाचा पाणउतारा, तोही या मुकादमासमोर. पण शिक्का तिचा होता.

"अप्पा, भोक चुकलं. मधोमध हवं."

"मला शिकवतेस? जन्मभर तिथंच पाडलं मी!"

तिनं वाद घातला नाही. मधोमध गाभ्यापर्यंत भोक पाडलं, सुई खोचली, फट पुट्टीनं बुजवली. काटा एकेचाळीसवर थांबला.

"पुन्हा तापवायचं."

"आणि ट्रक?"

"राहू दे उभा. मुळं नाही फुटत त्याला."

अप्पा काट्याकडे बघत राहिले. "जन्मभर तिथंच," ते पुटपुटले. "म्हणजे तेव्हाही..."

"असू दे, अप्पा."

"असू दे कसं? अकरा वर्षं शिव्या घातल्या त्या माणसाला." ते उठून चपला शोधू लागले.

"कुठं निघालात?"

"लाकूडवाल्याकडे."

"दोन घास खाऊन तरी जा!"

"नको. पोट भरलं की धीर सुटेल माझा."

ते गेले. तिनं भट्टीचं दार घट्ट लावलं आणि काट्यासमोर स्टूल ओढलं.