शाळेच्या थीमचं लग्न

मंगळवारी दुपारी ताई माझ्या छापखान्यात आल्या, तेव्हा नेहमीप्रमाणे हातात कागदांचे नमुने होते आणि तोंडात तक्रार होती. "याला गुलाबी म्हणता तुम्ही? हा तर आजारी लाल आहे." मी म्हटलं, "ताई, शाई तीच आहे, चष्मा बदला." आमचं गेली अकरा वर्षं असंच चाललं आहे. त्या लग्नांची सजावट करतात, मी त्यांच्या पत्रिका आणि पाट्या छापतो, आणि थोडं भांडल्याशिवाय दोघांनाही काम झाल्यासारखं वाटत नाही.

ताईंची कामाची एक रीत होती. दुसऱ्या सजावटवाल्यांसारखं फोटोंचं जाडजूड पुस्तक त्या कोणापुढे टाकत नसत. नवरीला सांगत, "जे सोडून जाणं जड जाईल, अशा दहा वस्तू एका पिशवीत घालून आण. तुझ्या लग्नाची थीम त्यात असते, मी फक्त शोधते." एका मुलीनं पिशवीत आजोबांची छत्री आणली होती, तर ताईंनी अख्ख्या हॉलचं छत छत्र्यांनी भरून टाकलं. लोक माना वर करून करून थकले. पिशवीत हात घालताना ताईंचे डोळे असे काही चमकत, की बघणाऱ्यालाही वाटावं, आता काहीतरी सापडणार.

त्या दिवशी त्या आमच्याच गल्लीतल्या कापडवाल्यांकडून आल्या होत्या. कापडवाले माझे शेजारी, पण दुकानापुरते; घरी जाणं-येणं नव्हतं. त्यांच्या थोरल्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी बरोबर काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं आणि ती घर सोडून गेली. तेव्हापासून या गृहस्थांनी तिचं नाव टाकलं होतं. आता धाकटीचं ठरलं होतं. तिला घरात सगळे चिंगी म्हणत. नवरा मुलगा एका कंत्राटदाराचा, वय एकोणतीस.

"पोरगी गोड आहे हो," ताई म्हणाल्या, "पण किती लहानखुरी!" मग बैठकीच्या खोलीत काय झालं ते त्यांनी रंगवून सांगितलं. चिंगीनं पिशवी टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पिशवीतून निघाली वाकड्या झाकणाची कंपासपेटी. निळ्या रिबिनी. सगळे देश रंगवलेलं नकाशांचं पुस्तक. वर्गप्रमुखाचा बिल्ला. वेळापत्रक चिकटवलेली वही. धरताही येणार नाही एवढी उरलेली पेन्सिल. ताईंनी टाळीच वाजवली.

"शाळा! अख्खं लग्न शाळेचं करायचं! फळा, बाकं, घंटा. पाहुण्यांनी गणवेशात यायचं. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, काका तिसरी ब, आत्या पहिली क. दारात हजेरी."

कापडवाल्यांचा कप हातातच राहिला. "सगळ्यांनी गणवेश घालायचा? म्हाताऱ्यांनीसुद्धा?"

"त्यांनी तर आधी!"

"आणि नवरी?"

"दोन वेण्या, निळ्या रिबिनी. सगळ्यांसारखीच."

दोन वर्षं ज्या माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती, तो मोठ्यानं हसला. "वा! ठरलं. हेच करायचं." चिंगी मात्र एकटक ताईंकडे बघत राहिली. ताईंना वाटलं, लाजली असेल.

शनिवारी ताई चिंगीची ती वही घेऊन आल्या. वेळापत्रक मोठं छापून मंचामागे लावायचं होतं. मी वही उघडली, पानं चाळली आणि थांबलो. शेवटच्या लिहिलेल्या पानावर लाल शाईत बाईंचा शेरा होता, "गणित अपूर्ण. सोमवारी दाखवणे." खाली तारीख. मागच्याच आठवड्यातली.

"ताई," मी म्हटलं, "हे आठवण म्हणून जपलेलं नाही. हे चालू आहे."

ताईंनी तारीख वाचली. परत वाचली. वहीच्या वेष्टनावर इयत्ता नववी असं ठळक लिहिलेलं होतं. आम्ही दोघांनीही ते आधी पाहिलं होतं, आणि दोघांनाही ते सजावटीतलं वाटलं होतं.

तिथून त्या थेट चिंगीकडे गेल्या. रिबिनीची लांबी बघायची आहे, असं सांगून तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"वय किती गं तुझं?"

"पंधरावं लागलंय."

"मग मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"बाबा समोर होते." चिंगीचा आवाज बारीक झाला. "तुम्हीच म्हणालात ना, जे सोडून जाणं जड जाईल ते आण. मी सगळं शाळेचंच आणलं. मला वाटलं, तुम्हाला कळेल."

हे ताई आजही पुन्हा पुन्हा सांगतात. एका पोरीनं पिशवी भरून विनवणी आणली होती, आणि त्यांनी तिच्यातून सजावट शोधली. मी त्यांना म्हणतो, तुमचा काय दोष. पण त्यांना ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

चिंगीची आई ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती. ताईंनी विचारलं तेव्हा तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझंही याच वयात झालं. थोरलीच्या वेळी मी मध्ये पडले, तिला जाऊ दे म्हटलं. त्याचं अजून रोज ऐकतेय. आता माझ्या शब्दाला या घरात कोण विचारतं?" पुसलेलंच भांडं ती पुन्हा पुसायला लागली.

कापडवाले दुकानातल्या गादीवर बसले होते. त्यांनी आवाजही चढवला नाही. "ताई, थोरलीला शिकवलं, नोकरी करू दिली, काय झालं बघितलंत ना? ही शहाणी व्हायच्या आत मार्गी लावतो. माझी पोर आहे, मला काळजी नाही का? आणि तुमचा काय संबंध? तुम्ही फुलं लावा."

"मी हे लग्न करणार नाही."

"नका करू. थीम तर सांगून झालीय."

तिथून ताई बालविवाहाची तक्रार द्यायला सरकारी कार्यालयात गेल्या. तिथे म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. म्हणाले, पुरावा? वही तोपर्यंत कापडवाल्यांनी परत मागवून घेतली होती. शाळेत जावं तर शाळेला सुट्टी लागलेली. या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात दिवस गेले आणि लग्न दोन दिवसांवर आलं.

आता माझं सांगतो. कापडवाले माझ्याकडे बिल्ल्यांचा नमुना घेऊन आले. "ताईंना जमत नाही म्हणे. तुम्ही छापून द्या, आपण शेजारी." मला सगळं ठाऊक होतं. तारीख मीच तर दाखवली होती. पण तोंडावर नाही म्हणायला जीभ उचलेना. मनाला सांगितलं, आपण छपाईवाले, कागदावर काय छापायचं ते गिऱ्हाईक ठरवणार. तीनशे माणसांना इयत्ता वाटून दिल्या. मला स्वतःला सहावी अ.

लग्नाला गेलो. हॉल खरोखर देखणा झाला होता. बाकं, फळे, पितळी घंटा. पोट सुटलेले काका हाफ पँटमध्ये, पिकल्या केसांना रिबिनी बांधलेल्या मावश्या. एकमेकांना "तू कितवीत रे?" विचारत सगळे हसून बेजार. त्या गर्दीत दोन वेण्या घातलेली चिंगी कुठे आहे ते शोधावं लागत होतं. दारात अडवलेल्या ताई तेवढ्या साध्या साडीत होत्या, म्हणून उठून दिसत होत्या.

लग्न लागायला अर्धा तास असताना, ताईंच्या अर्जावरून, सरकारी कार्यालयातले साहेब आले. बरोबर एक महिला पोलीस. हॉल थोडा शांत झाला. कापडवाल्यांनी हसतमुखानं जन्माचा दाखला पुढे केला. दाखल्यावर वय एकोणीस. तसा दाखला कुठे मिळतो ते सांगायला नकोच. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि नियमाप्रमाणे मुलीला विचारलं. बाजूला नेऊन नाही, तिथेच, सगळ्यांसमोर.

"बाळ, खरं सांग. काय करतेस तू?"

चिंगीनं आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती. मग तिनं दारातल्या ताईंकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट सांगितलं, "मी नववीत आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "आणि मी बालवाडीत!" हॉलमध्ये हशा फुटला. "मी दोनदा नापास!" "साहेब, तुम्ही कितवीत?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, माणसांच्या छातीवरचे बिल्ले वाचले, आणि त्यांनाही हसू आवरेना. कोणीतरी त्यांच्या खिशाला 'चौथी ड'चा बिल्ला लावून टाकला.

ताई दारातून ओरडत होत्या, "ती खरं बोलतेय! अहो, खरं बोलतेय ती!" कापडवाल्यांनी साहेबांच्या कानाशी लागून सांगितलं, "हिचं काम गेलं ना, म्हणून." साहेबांनी मान डोलावली.

चिंगी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. एकेका हसणाऱ्या तोंडाकडे, ओळीनं. माझ्याकडेही तिनं पाहिलं. मी काय करत होतो? खोटं कशाला बोलू, मीही हसत होतो. सगळे हसतात तेव्हा तोंड आपोआप तसं होतं. ती पुन्हा काही बोलली नाही. अर्ध्या तासानं लग्न लागलं.

याला आता चार महिने झाले. ती सासरी आहे एवढंच कळतं. मधल्या काळात ताईंनी काम जवळजवळ बंद केलं होतं. मागच्या गुरुवारी त्या माझ्याकडे बसल्या असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा केला, म्हणून मीही ऐकलं. कोणी अनोळखी गृहस्थ. "ते शाळेचं लग्न तुमच्याच डोक्यातलं ना? आम्हाला तसंच हवंय. हुबेहूब. आमची मुलगी दिसायला जरा लहान आहे, तेव्हा हे बरं पडेल."

ताईंनी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता फोन आपटणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "करते ना. पत्ता सांगा. तारीख कधीची?" तारीख पाच आठवड्यांवर होती. त्यांनी माझ्याच टेबलावरच्या कागदावर सगळं लिहून घेतलं आणि उठल्या. "या वेळी दिवस हातात आहेत. येताय का?"

मी गेलो. तेच कार्यालय, तेच साहेब. ताईंना बघून ते जरा वैतागलेच. "बाई, पुन्हा? मागच्या खेपेला किती फजिती झाली माझी!"

मी पुढे झालो. म्हटलं, "साहेब, मागच्या खेपेला ती मुलगी खरं बोलत होती. मी तिची वही डोळ्यांनी पाहिली होती. लग्नाच्या आधी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही होतात त्या हॉलमध्ये?"

"होतो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. गेल्या चार महिन्यांत त्यांनी हा प्रश्न मला एकदाही विचारला नव्हता.

साहेब उत्तराची वाट बघत राहिले.