अप्पांच्या चेहऱ्याचा रंग

मी एक जुनी सागवानी फळी आहे. चित्रकार माझ्यावर तैलरंग कालवतात आणि मला पॅलेट म्हणतात. मित्रांनो, माझ्यावरून एकदा एक रंग खरवडला गेला. त्याची टोचणी मला अजून आहे.

केरबा सुतारांनी मला १९९१ साली घडवले, अंगठ्यासाठी भोक पाडले, जवसाचे तेल पाजले. राजारामपुरीतल्या शिवलीलाबाई शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्याकडे मी आले. चित्र काढताना आधी पार्श्वभूमी, मग कपडे, हात, आणि चेहरा सर्वांत शेवटी, अशी त्यांची रीत होती. तिचे कौतुक होई, आणि ते मी माझेच समजे.

१९९८च्या जानेवारीत त्यांनी वडिलांचे चित्र काढायला घेतले. वडील चनबसाप्पा, म्हणजे अप्पा, गुळाचे अडते. ढेप फोडून नुसत्या रंगावरून ते प्रत सांगत. दोन आठवडे ते खुर्चीत बसले. टोपी झाली, हात झाले. चेहऱ्याचा रंगही माझ्यावर कालवून झाला. तेवढ्यात राजस्थानचे वाळवंट रंगवायला निघालेल्या चित्रकारांत बाईंना जागा मिळाली.

"अप्पा, चेहरा आल्यावर करू?"

"जा की! मी काय पळून जातोय व्हय? तंवर बसतो बिनतोंडाचा. तुझ्या अव्वेला तेवढीच शांतता!"

"तोंड न्हाय तर चहा बी न्हाय," बाईंच्या आई रत्नव्वा आतून म्हणाल्या.

बाईंनी सुरीने तो रंग खरवडला. वाळूच्या छटांसाठी जागा हवी होती. तसाही तो वाळलाच असता, हे मला कळते. तरीही.

वाळवंटात बाई संध्याकाळी वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी काठी रोवत. सकाळी ती बोटभर बुडालेली असे.

"टेकडी थांबलेली दिसते, पण चाललेली असते," त्या एकदा पुटपुटल्या. "अप्पाही मला असेच थांबलेले वाटले."

त्यांनी परतायचे ठरवले. पण त्याच दिवशी वाळूचा रंग पहिल्यांदा अचूक जमला. आम्ही आणखी दहा दिवस राहिलो. मित्रांनो, मला तेव्हा आनंदच झाला.

त्यांतल्या आठव्या दिवशी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. "तिला कळवू नगा," असे त्यांनीच घरात बजावले होते. लवकर परतलो असतो तर झटका टळला नसता. पण त्यांचा आधीचा चेहरा तरी मिळाला असता. आम्ही परतलो तेव्हा डावा गाल ओघळला होता.

बाई जुना फोटो समोर ठेवून रंग कालवू लागल्या. अप्पांनी फोटो पालथा केला.

"त्यो कोण? मला काढ. हाय तसं."

"अप्पा, मी उशीर केला."

"केलास की. आता आनखी करू नगंस."

तीन दिवस बाई त्यांच्याकडे बघत रंगवत राहिल्या. ओघळलेला गाल, वाकडी जिवणी, काही लपवले नाही. पहिला रंग मात्र माझ्यावर पुन्हा उतरला नाही. नवा जरा फिकटच होता.

पुढे बाईंनी तैलरंग सोडले. २००६पासून मी कपाटामागे धूळ खात आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाकूड वाट पाहू शकते. तुम्ही मात्र आज घरी गेलात की आपल्या माणसांकडे नीट पाहा, मित्रांनो. उद्या ती थोडी बदललेली असतील.