कोंडा दमावर आहे

मर्गिलान शहराच्या अलीकडे आमचं खेडं. तिथं सैदुल्लाच्या हरितगृहातल्या काकड्यांच्या मुळांना सलग दुसऱ्या वर्षी गाठी आल्या. सूत्रकृमी. डोळ्यांना दिसत नाही, पण मुळाची जपमाळ करून ठेवतो. सैदुल्लाचा मेहुणा एर्गाश शेतीच्या औषधांचं दुकान चालवतो. जगातल्या प्रत्येक दुःखावर त्याच्याकडे एक निळं पिंप आहे.

"दाजी, पिंप ओता, मोकळे व्हा."

"गेल्या साली ओतलं की. किडे बाळसं धरून बसले."

सैदुल्ला कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आला होता. मातीत गव्हाचा कोंडा कालवायचा, पाणी सोडायचं, वर प्लास्टिक घट्ट ताणायचं आणि चिल्ल्याची, म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन चाळीस दिवसांची, काहिली संपेपर्यंत आत हवा जाऊ द्यायची नाही. कोंडा आंबतो, किडे गुदमरतात. दर महिन्याच्या गप्पांच्या बैठकीत यावर दोघांची पैज लागली. हरेल त्यानं हिवाळाभर सगळ्यांना चहा ओतायचा. आमच्याकडे चहा सर्वांत धाकटा ओततो. हे दोघेही आजोबा आहेत.

कोंडा कालवायला सगळा मोहल्ला मदतीला आला आणि दारातच थबकला. भाकरीचा तुकडा पडला तर आम्ही उचलून डोळ्यांना लावतो. इथे तर भाकरीचं अख्खं माहेर जमिनीवर पसरलेलं.

"अरे, कोंडा म्हणजे पीठ नव्हे," सैदुल्ला म्हणाला.

"पिठाचा भाऊ ना? भावावर पाय देशील?"

शेवटी सैदुल्लाची आई, इनोयत-बुवी, गरजली. "बकरीला घालता तेव्हा बरं चालतं! ही जमीन आजारी आहे, तिला जेवू घालतोय. जोडे काढा मेल्यांनो!"

मग बिस्मिल्ला म्हणून सगळे अनवाणी कामाला लागले.

आठवड्यात असा वास सुटला की गाढवं वळसा घालून जाऊ लागली. जो तो प्लास्टिक उचलून बघू म्हणे. सैदुल्लानं छातीवर हात ठेवून विनवलं, "मंडळी, समजा पुलाव दमावर आहे."

सगळे मागे सरले. दमावरच्या पुलावाचं झाकण उचलणारा आमच्या गावात जन्मलेला नाही. जन्मला असेल तर त्याला मुलगी मिळालेली नाही.

एर्गाशचं लग्न कधीच झालेलं असल्यामुळे त्याला ती भीती नव्हती. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, तो आत हवा सोडायला आला. कोपरा उचलून वाकला. आत हवा किती गेली कळलं नाही. बाहेर मात्र भरपूर आली. एर्गाश थेट पाटाच्या पाण्यात सापडला.

"शितावरून भाताची परीक्षा चालली होती का रे?" चिखलानं कोपरा लिंपत बुवीनं विचारलं.

"टोपी उडाली होती, बुवी."

"डोक्यावर आहे ती."

त्या महिन्याच्या बैठकीत एर्गाशच्या अंगाला वास येत होता. असं तोंडावर बोलायची पद्धत नाही. आम्ही बाहेरच्या हवेची स्तुती केली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

शरदात काकड्या वाढल्या. सैदुल्लाच्याच घरी बैठक होती. बुवीनं सगळ्यांसमोर एक वेल मुळासकट उपटून आणला. मुळं पांढरीशुभ्र, शेवयांसारखी. एर्गाशनं ती उलटसुलट पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि किटली उचलली.

मानाच्या माणसाला आम्ही पेल्यात घोटभरच चहा देतो. काठोकाठ भरला तर 'आता उठा' समजायचं. एर्गाशनं सैदुल्लाचा पेला त्याच्याच घरात काठोकाठ भरला.

सैदुल्लानं तो सावकाश संपवला आणि पुढे केला.

"ओत. हिवाळा मोठा आहे."