बोंडातली सोयरीक

"आकांक्षा, खंजिरी घे वं बाई!"

शनिवारची सांज कलली की बबनरावांची ही हाक घरभर घुमायची, आणि फ्रॉकातली पोर खंजिरी छातीशी धरून मारुतीच्या देवळाकडं धावायची.

पुढं ती आर्वीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली. एकदा जेवताना सहज बोलून गेली, माणूस अन् माकड एकाच पूर्वजाची लेकरं. बबनराव ताटावरून उठले. त्या दिवसापासून हाक थांबली. बाप देवळात भजन म्हणे, लेक बाहेर ओट्यावर बसून ऐके. बापाशेजारची जागा पुन्हा मिळेल का, एवढंच तिच्या मनात घोळत राही.

यंदा तळेगावच्या शिवारात बोंडअळीनं कपाशी पोखरली. भजन संपल्यावर शेतकरी बंडूजी हातातलं किडकं बोंड दाखवत कावले, "हे अळीमार बीटी बियानं पेरूनबी अळी येते काऊन?"

आकांक्षा उठली, आत गेली, त्यांच्या हातातलं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"काका, बीटी खाऊन अळ्या मरतात. पन हजारात एखादी तगते. मंग तिचीच लेकरं, त्याइचीच नातवंडं. सारं कुळच तगनारं होते."

"म्हंजे आमीच तिले पैलवान केलं!"

"मागं बियान्यासंगं साध्या कपाशीची पुडी यायची. ते कुठं पेरली?"

"ते कोन पेरते वं! वावराच्या धुऱ्यावर फेकली."

"साध्या झाडावर साध्या अळ्या जगतात. त्याइची या पैलवानाइसंगं सोयरीक झाली, का लेकरं पुन्हा नाजूक, बीटीनं मरनारी. तुमी तर नवरदेवच फेकून देले!"

देऊळ हसून हसून लोळलं. मग बंडूजी गंभीर झाले. "पन पोरी, सारं असं आपोआप बदलते, तर देवानं केलं काय?"

साऱ्यांच्या नजरा बबनरावांकडं वळल्या. आकांक्षानं डोळे मिटले आणि सूर लावला.

"देव माळी माहा बाई, येल लावून ना निजे,
त्याच्या हाताखाली आज, नवं नवं काही रुजे."

बंडूजींनी टाळ उचलले, मागोमाग सगळ्यांनी ओळ उचलली. देऊळ दुमदुमलं. पुढच्या साली वावराच्या कडेनं साधी कपाशी लावायची, हेही त्या गजरातच ठरलं.

गजर ओसरला. बबनराव लेकीजवळ आले. त्यांनी खंजिरी तिच्या हाती दिली.

"तुहं म्हननं मले तवाच पटलं होतं, बाई. भेव एवढंच वाटलं, का शिकता शिकता तू देवाले सोडशीन, अन् मंग मलेबी."